मर्कॅप्टो आणि बाईंचं नाक

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच लांबलचक टेबल. त्यावर बर्फाचा डबा, बर्फात करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या. कोपऱ्यात काचेची पेटी, तिच्या माथ्यावर हवा ओढणारा पंखा घुरघुरतोय. पांढरा कोट घातलेली, चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई उजवीकडून येते. टाळी कुणी वाजवत नाही. सव्वीस वर्षं ती हाच प्रवेश करत आली. ती माझी धाकटी बहीण.

मी दुसऱ्यांची वाक्यं पाठ करून पोट भरलं. तिनं रक्तातली प्रथिनं मोजणीसाठी तयार करून दिली. प्रथिन म्हणजे घडी घालून टाचण्या मारलेलं कापड, कधी दोन कापडंही एकमेकांना टाचलेली, असं तिनं मला एकदा समजावलं होतं. खरं माप हवं तर आधी टाचण्या काढाव्या लागतात. ते काम करणाऱ्या द्रवाला पुस्तकात क्षपणक म्हणतात, प्रयोगशाळेत नुसतं मर्कॅप्टो. नळीत थेंबभर घालायचं, नळ्या तापवायच्या, मग पुढची मोजणी. दिसायला पाणी, पण वास कुजक्या अंड्याचा. पंख्याखालीसुद्धा पुसटसा येतोच. बाकीचे तोंड वाकडं करायचे. ही नळ्यांवरून हात हलवून सांगायची, यात पडलंय, त्यात राहिलंय. विद्यार्थी म्हणायचे, बाईंच्या नाकाला वेगळा पगार द्या. ती म्हणायची, आधी तुमच्या हातांचा कापा.

तीन महिन्यांपूर्वी तिला ताप आला. आठवड्यात उतरला, ती कामावर रुजू झाली. मला काहीच कळलं नाही. मग परवा संध्याकाळी मी बाहेरून आलो, तर जिन्यातच करपलेल्या दुधाचा भपकारा. ही स्वयंपाकघरात, शेगडीकडे पाठ करून, निवांत पेपर वाचत बसलेली. गॅस बंद करत मी म्हटलं, अगं, नाक गहाण टाकलंस की काय? एरवी तिनं उलट दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी नुसती पेपरची घडी घालत राहिली. मोडली, परत घातली. मग सगळं सांगितलं.

तापानंतर वास गेला तो आलाच नाही. सांगितलं असतं तर रसायनांपासून उठवून नोंदींच्या खोलीत बसवलं असतं, आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. म्हणून गप्प राहिली. एका सकाळी आजारी माणसांच्या बारा नळ्या तयार करताना मध्येच फोन आला. परत येऊन पाहते तर मर्कॅप्टोच्या बाटलीचं झाकण उघडं. घातलं होतं की घालायचं होतं? जवळच एक विद्यार्थिनी बसली होती. तिला एवढंच विचारायचं होतं, वास येतोय का गं? पण ते विचारायचं कुणी, तर हिनं! सव्वीस वर्षांत हात चुकला नाही, आजच कसा चुकेल, असं म्हणून तिनं झाकण लावलं.

तुलनेसाठी निरोगी माणसांच्या नळ्या तिनं दुसऱ्या दिवशी नीट केल्या. मोजणीत त्यांची प्रथिनं सुटी निघाली, आजाऱ्यांची जोडीजोडीनं चिकटलेली. मर्कॅप्टोलाही न सुटणारी जोडी! प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना तोच आजाराचा नवा धागा वाटला. बुधवारी ते परिषदेत सांगणार होते. हिच्या मनात पाल चुकचुकली. उरलेल्या नमुन्यातून तिनं बाराही नळ्या पुन्हा केल्या, थेंबागणिक वहीत खूण करत. सगळ्या जोड्या सुटल्या. धागाबिगा काही नव्हता.

मला तिची नोकरी दिसत होती. मी चुकीचा सल्ला दिला, कबूल करतो. म्हटलं, गप्प बस. आम्ही रंगमंचावर वाक्य चुकलं की पुढचं बोलून वेळ मारून नेतो.

"दादा," ती म्हणाली, "तुझ्या नाटकात मेलेला माणूस पडदा पडल्यावर उठून चहा पितो. ह्या जोडीवर लोक औषध शोधायला बसतील."

मंगळवारी तिनं मला सोबत नेलं, फक्त बसायला. सरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी बसलो. या प्रवेशात मला एकही वाक्य नव्हतं. तिनं दोन्ही मोजण्यांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि उभ्यानंच सांगितलं, ताप, नाक, फोन, झाकण. सरांनी दोन्ही फोटो जवळ ओढून ताडून पाहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी परिषदेला फोन लावून उद्याचं भाषण रद्द केलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, हे बारा झाले. ह्या तीन महिन्यांत तुमच्या हातून आणखी दोनशे नमुने गेलेत. त्यांचं काय?"

दोनशेंचा हिशेब तिनं केलाच नव्हता, हे मला पाठीमागून दिसलं. तिचा हात टेबलाच्या कडेवर गेला.

"हात चुकला नसेल असं वाटतं," ती म्हणाली. "पण माहीत नाही, सर."