आखाड्याखाली बसलेली आई

काल दुपारी टीव्हीवर एका मंगोलियन सुमो पैलवानाचा निरोप समारंभ पाहिला. जपानात असा विजेता पैलवान कुस्ती सोडतो, तेव्हा त्याचा बुचडा कापतात. तो उंच ओट्यावरच्या आखाड्यात खुर्चीवर ताठ बसला होता. ओळखीचे एकेक जण मागून येत, चार केस कापत आणि उतरत. मिसरूड फुटायच्या आत माळरानावरचं घर सोडून आलेला पोरगा, भल्याभल्यांना लोळवून विजेता झाला होता.

त्या आखाड्यात बायकांनी पाऊल ठेवायचं नाही, म्हणे. म्हणून मंगोलियाहून आलेली त्याची आई खालीच बसली होती. निवेदक सांगत होता, त्यांच्याकडेही लहानपणी जावळ काढतात. नातेवाईक अशीच एकेक बट कापतात. तेव्हा तो हिच्याच मांडीवर बसला असेल.

मला उगाच राग आला. परदेशातल्या माझ्या मुलाला फोन लावला. "फोटोत केस किती वाढलेत रे, काप की!"

"आई, तो फोटो दिवाळीतला. केव्हाच कापले."

फोन ठेवला. टीव्हीवर शेवटची कात्री लागली, टाळ्या वाजल्या. खाली त्या आईचा हात मांडीवरच्या पर्सवरून हळूहळू फिरत होता, लेकराच्या डोक्यावरून फिरावा तसा.