पान टाकायचं, देठ ठेवायचा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे द्राक्षाचे देठ खुडणं. देठ तपासले की वेलीत काय जास्त, काय कमी ते कळतं. फांदीच्या बुडाकडून पाचवं पान तोडायचं, पान तिथंच टाकायचं, देठ तेवढा पिशवीत. हौसा, माझी बायको, हसत होती. "पान टाकून देठ न्यायचा? आमच्यात भाजी याच्या उलटी निवडत्यात."

तपासणीचं कारण आमचं भांडण. हौसा भीमाशंकरकडची, भातवाल्यांची पोर. पिवळं पडलेलं खाचर युरियानं कसं काळंभोर होतं, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. बागेत पान जरा फिकं दिसलं की तिचा हात गोणीकडं. गेल्या हंगामात पानं अशी माजली की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. आणि घडात एक मणी बोराएवढा, शेजारचा ज्वारीएवढा. व्यापाऱ्यानं घड हातात घेतला नि खाली ठेवला.

तपासणीवाला म्हणाला, युरियातलं नत्र जास्त झालं की वेल भसाभस वाढते. झिंकसारखं जे चिमूटभर लागतं, ते मग एवढ्या पाल्याला पुरत नाही. मी हौसाला सांगितलं, "आमटीत पाणी वाढवलं की आमटी वाढती, मीठ वाढत न्हाई."

"मग मीठ टाका की! पाणी कशाला बंद करताय?"



शेवटी पैज लागली. नत्र कमी निघालं तर मी तोंड उघडायचं नाही, जास्त निघालं तर तिनं गोणीला हात लावायचा नाही. "आन तुमी त्या तपासणीवाल्याला फितवलं तर बघा," म्हणाली.

देठ आळेफाट्याला तपासायला देऊन आलो. रात्री तिनं भाकरी खाल्ली. सकाळी चहाला उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला त्यातलं कळत नाही.

तेरावं झाल्यावर रिपोर्ट आला. पुतण्यानं वाचला. नत्र लई जास्त, झिंक कमी. "काका, जिंकला की तुमी," म्हणाला. जन्मात तिच्याशी पहिली पैज जिंकलो. 'बघ, सांगत नव्हतो?' एवढं म्हणायला घरात कुणी नाही. तरी चुलीपाशी जाऊन म्हटलं. बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिंकच्या फवारणीचं पुतण्याला सांगितलं. उरलेली गोणी मोटारसायकलला बांधली आणि तिच्या माहेरी गेलो. लावण होऊन रोपानं मूळ धरलं होतं, पण खाचर फिकं दिसत होतं. तिचा भाऊ बांधावरून ओरडला, "दाजी, द्राक्षं सोडून भातात कुठं?"

"तुझ्या बहिणीचा युरिया हाय. फेकायचा."

तो घमेलं घेऊन आला. मी धोतर वर खोचलं, चिखलात उतरलो. एका कडेनं तो फेकत आला, एका कडेनं मी.