पावतीबाई

आमची बायको अर्धा किलो शेंगदाण्यांचीही पावती मागायची. येरवड्यातल्या आमच्या गल्लीत तिला नावानं कोणी ओळखत नव्हतं. पावतीबाई म्हणायचे, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं.

किराणावाला म्हणायचा, "वहिनी, पावती केली तर कर लागेल."

"तोच लावा," ती म्हणायची. "आणि सरकारात भरा. माझ्याकडून घेऊन स्वतःच्या खिशात घालू नका."

"तुमच्या दोन रुपयांवर दिल्ली चालते म्हणजे."

"चालत नसेल. पण माझ्यामुळं अडणार नाही."

मी सातवी शिकलेला माणूस. हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण ती जाऊन चौदा महिने झाले, आणि गल्लीत नवीन आलेली माणसं विचारतात, पावतीबाई कोण होत्या. रोज तोंडानं सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

हे खूळ एक्याण्णव साली लागलं. देशाकडं बाहेरच्यांची देणी द्यायला पैसे उरले नव्हते, म्हणून सोनं परदेशात गहाण ठेवायला पाठवलं, अशी बातमी होती. मी जेवत होतो, ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "म्हणजे देशाच्या पाटल्या गेल्या."

मी खाली मान घालून जेवत राहिलो. त्याच्या काही वर्षं आधी आमच्या कारखान्यात संप झाला होता. तेव्हा मी तिच्या पाटल्या सराफाकडं गहाण टाकल्या होत्या. तिच्या आईनं लग्नात घातलेल्या. मंगळसूत्राच्या वाट्याही गेल्या. सोडवायला जमलं नाही. तिनं काळ्या मण्यांत पितळी वाट्या ओवल्या आणि मी म्हणालो, पाटल्या करून देईन. तिनं पुढं कधी विषय काढला नाही. एकदा तरी काढायला हवा होता.

त्या बातमीनंतर ती पोस्टात गेली. मी बरोबर होतो. तिनं खिडकीत मनीऑर्डरचा फॉर्म ठेवला. एक्कावन्न रुपये.

"कोणाला पाठवायचे?" कारकुनानं विचारलं.

"देशाला. कर्जात टाका म्हणावं."

"देशाचा पत्ता?"

"तुम्ही सरकारी माणूस. तुम्हाला माहीत नाही?"

कारकून पुण्याचाच. चष्मा काढून म्हणाला, "बाई, देश कधीच घरी नसतो. सही कोण करणार? त्यापेक्षा बचतपत्र घ्या. ते पैसे सरकारच वापरतं."

"ते तर उसनं झालं. म्हणजे कर्ज वाढलंच की."

"घरातल्या माणसाकडून घेतलेलं उसनं आणि सावकाराकडून घेतलेलं, यात फरक असतो. तुम्ही काही देशाच्या पाटल्या मागणार नाही."

त्याला आमचं काही माहीत नव्हतं. सहज बोलला. पण तिला ते पटलं. तेव्हापासून लोकांच्या साड्यांना फॉल लावून मिळालेले पैसे ती पोस्टात टाकत गेली. त्या फॉललाही ती स्वतः वहीतलं पान फाडून पावती द्यायची. बायका हसायच्या. ही म्हणायची, "मागायची तर द्यायलाही पाहिजे."

माझ्याकडं जुनी लूना होती. सिग्नल लागला की ती मागून पाठीवर दोनदा बोट वाजवायची. म्हणजे इंजिन बंद करा. पेट्रोल आपल्या विहिरीचं नाही, बाहेरून येतं, हे तिनं पेपरात वाचलं होतं. मागचे लोक भोंगे वाजवायचे, लूना पुन्हा सुरू व्हायची नाही, मी पायडल मारत राहायचो आणि ती उतरून शांतपणे बाजूला उभी राहायची. आता मी बसनं जातो.

पुढं देशाचं सोनं सुटल्याची बातमी आली. माझ्या हातात बोनस होता. मी म्हटलं, "चल सराफाकडं. आता देशाचंही सुटलं."

"सोनं सुटलं. कर्ज सुटलंय का?" ती म्हणाली. "सोनं बाहेरून येतं. आपण हौस करायची आणि देशानं त्यापायी उसनं आणायचं. राहू द्या."

कारखाना बंद पडला आणि स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी चिडलो. म्हटलं, तुझ्या दोन पाटल्यांनी देश बुडणार आहे का? ती म्हणाली, "नाही. पण आपल्या घरामुळं कर्ज वाढलं नाही, एवढं तरी म्हणता येईल." यानं कर्ज किती कमी झालं ते मला माहीत नाही. झालं नसेलच. आणि मला वाईट त्याचं नव्हतं. मी शब्द दिला होता आणि तो पाळायला ती मला जागा देत नव्हती.

मुलगा खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. काम परदेशातलं, तेव्हा पैसाही तिकडून येणार, याचा तिला फार आनंद. दिवाळीला त्यानं परदेशी घड्याळ आणलं. तिनं हातात घेऊन बघितलं. "छान आहे. पैसा आला तसा परत पाठवलास." तो हसला. घड्याळ तिनं कधी घातलं नाही, फेकलंही नाही.

मग ती आजारी पडली. पोस्टातले पैसे दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

आमच्याकडं मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान घालतात आणि सोन्याचा कण. घरात सोनं नव्हतं. मी सराफाकडं गेलो आणि एक मणी मागितला. ज्वारीच्या दाण्याएवढा.

सराफ म्हणाला, "पावती नको असेल तर थोडं कमी करतो, आजोबा."

"पावती करा."

"एका मण्याची?"

"एका मण्याची."

घरी आलो तेव्हा ती जागी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अहो, माझ्या तोंडात सोनं घालू नका. सोनं राखेत जायचं. तुळशीचं पान पुरे." मी हो म्हटलं. मणी खिशातच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बायका जमल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "घरात सोनं आहे का थोडं?"

मी खिशात हात घातला. मणी बोटाला लागला. मी म्हटलं, "नाही."

मुलगा म्हणाला, "मी आणतो, बाबा." मी म्हटलं, कुठं जायचं नाही. काकू स्वतःच्या कानातली कुडी काढायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या. तुळस पुरे."

मागून कोणीतरी बोललं, शेवटी गुंजभर सोनंही नाही मिळालं बाईला या माणसाकडून. मी ऐकलं. खोटं नव्हतं.

तुळशीचं पान मी घातलं. तिला नेलं.

मणी अजून आहे, तिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात, पावतीत गुंडाळलेला. त्याचं काय करायचं ते ती सांगून गेली नाही.