कुणाला बघू द्यायचं न्हाई

संगीतावहिनी जाऊन सव्वा महिना झाला. शेवटची भेट म्हणावी तर ती रुग्णवाहिकेतली. त्या भेटीत मी काय केलं, ते लिहायला मला इतके दिवस लागले...

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. बीडला वसतिगृहात राहते. सुट्टीत घरी आले की वहिनी माझ्या वाटणीची भांडी स्वतः घासायची आणि मला पुस्तकाकडे पिटाळायची. "काय मॅडम, त्या पुस्तकात ऊसतोडीवाल्यांचं काही हाय का नुसते राजेच?" असं चिडवायची. तिला दोन मुली. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आई आणि दादा तिला एका शेतातल्या पत्र्याच्या शेडात घेऊन गेले. भरदुपारी एक माणूस गाडीतून बॅग घेऊन आला, त्याने मशीन काढून तिच्या पोटावर फिरवलं आणि मुलगी आहे म्हणाला. चार दिवसांनी पोट पाडलं. मी तेव्हा बारावीला होते. मला सगळं कळत होतं, आणि मी अभ्यास करत राहिले.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. हे तिने फक्त मला सांगितलं. "ह्या बारीला कुणाला बघू द्यायचं न्हाई," म्हणाली. मी कुणाला सांगणार नाही, हे ती धरूनच चालली होती.

तेलगावजवळच्या फडात ऊस भरताना ती ट्रॉलीवरून घसरली आणि तिची डावी कूस लोखंडी दांडीवर आदळली. सुट्टी असल्याने मीही मोळ्या बांधायला गेले होते. जखम कुठेच दिसत नव्हती. उठली, पाणी प्यायली, लई लागलं न्हाई म्हणाली. थोड्या वेळाने तिचा चेहरा पांढरा पडला तेव्हा दादाने फोन केला. रुग्णवाहिकेत तिच्याजवळ आई आणि मी बसलो, दादा मोटारसायकलवर मागून आला.

डॉक्टर तरुण होते. रक्तदाब अजून ठीक आहे, पण पोटात रक्तस्राव होतोय का ते इथेच बघू, असं म्हणून त्यांनी मोबाईलला वायरने जोडलेलं मुठीएवढं सोनोग्राफीचं मशीन काढलं. त्याची परवानगी आहे, नोंदवही आहे, हेही सांगितलं. आत रक्त दिसलं तर वाटेतल्या दवाखान्यात न थांबता सरळ अंबाजोगाईचं मोठं रुग्णालय गाठायचं होतं.

वहिनीने मशीन पाहिलं आणि दोन्ही हातांनी पोट झाकलं, गुडघे वर ओढले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, पण ती हात काढेना. फक्त माझ्याकडे बघत राहिली.

"नको म्हणती तर ऱ्हाऊ द्या, सायेब," आई म्हणाली. आईला कशाची भीती होती ते मला ठाऊक होतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या दिसता. या का घाबरतायत?"

वहिनी, यांना मूल बघायचं नाही, रक्त बघायचंय... एवढं मी म्हणाले असते तर तिने माझं ऐकलं असतं. पण मग डॉक्टरांनी पुढचं विचारलं असतं, शेडाचं निघालं असतं, पोलीस आले असते, आई आणि दादा आत गेले असते.

मी म्हणाले, "तिला सवय नाही."

आम्ही वाटेतल्या दवाखान्यात थांबलो. तिथे पोटाच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. रक्तस्राव लक्षात येईपर्यंत दीड तास गेला होता. पुढे नेताना अंबाजोगाईच्या अलीकडेच ती गेली. डॉक्टर खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. "मीच जोर करायला हवा होता," असं ते स्वतःशी म्हणत होते. त्यांची चूक नव्हती, एवढंही मी त्यांना सांगितलं नाही.

दहाव्याला जमलेले लोक नशीब म्हणाले. आई रडत म्हणाली, लेकीवानी होती. मला आईचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. बाहेर वहिनीची धाकटी खेळत होती. तिने मला विचारलं, आई कावून येईना. तिलाही मी काहीतरी खोटंच सांगितलं.

डॉक्टरांनी हे पेपरात वाचलं तर वहिनी कुणाला घाबरत होती ते त्यांना कळेल. आमच्या घरी मात्र पेपर येत नाही आणि आईला वाचता येत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उजेडात वहिनी ज्वारी निवडायला बसायची. ती जागा अजून तशीच मोकळी असते, आईसुद्धा वळसा घालून जाते. हे छापून आलं की मी तिथे बसून आईला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. ती मध्येच उठून गेली तरी वाचत राहणार आहे.