मागच्या चाकांची गाडी

तिला सगळे क्लचबाई म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. सव्वीस वर्षं तिने ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, आणि या सव्वीस वर्षांत "क्लच! अहो, क्लच दाबा!" हे तिने इतक्या वेळा ओरडून सांगितलं होतं, की शिकून गेलेल्या माणसांना म्हणे झोपेतही पाय दाबायची सवय लागली होती. स्कूलची गाडी लहानशी, पांढरी. छपरावर लाल पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे जास्तीचा ब्रेक नि जास्तीचा क्लच. ती बसायची त्या शेजारच्या सीटवर. स्टिअरिंग कायम दुसऱ्या कुणाच्या तरी घामेजलेल्या हातात.

"सव्वीस वर्षांत मी गाडी चालवलीच नाही," ती नवऱ्याला म्हणायची. "नुसती थांबवली."

नवरा एका शाळेच्या ग्रंथालयात होता. स्वभावाने गरीब. अख्ख्या शहराला गाडी शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याला मात्र ती शिकवता आली नव्हती. दोनदा प्रयत्न झाला, आणि दोन्ही वेळा त्याने भर चौकात इंजिन बंद करून, "तू ये इकडे," म्हणत दार उघडलं होतं.

ती बावन्न वर्षांची असताना तिच्या गॅरेजवाल्याचा फोन आला. तो स्कूलच्या गाड्यांचं काम करायचा आणि क्लचप्लेटा झिजवणाऱ्या तिच्या विद्यार्थ्यांवर त्याचं अर्धं घर चालायचं. "ताई, एक गाडी आलीय. बघायला तरी या. घेऊ नका, नुसती बघा."

गाडी एकोणीस वर्षांची होती. चार दारांची, दिसायला साधीच, गडद निळी, पण बॉनेट लांब आणि त्याखाली सहा सिलिंडरचं इंजिन. आधीच्या मालकाने तिला बरीच वर्षं कापडाखाली झाकून ठेवलं होतं. मागच्या डाव्या दाराची काच वर जात नव्हती, डॅशबोर्डला चिरा पडल्या होत्या, आणि खाली फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग होता.

"मागची चाकं ढकलणारी आहे," गॅरेजवाला म्हणाला. "तुमच्या स्कूलच्या गाडीत पुढची चाकंच ओढतात नि पुढचीच वळतात. हिच्यात कामं वाटून दिलीत. पुढच्यांनी फक्त वळायचं, ढकलायचं मागच्यांनी. वळणावर अंगात आलं तर शेपूट फिरवते. सांभाळून."

ती बसली. उजव्या बाजूला. सीट खोल होती, स्टिअरिंगवरचं चामडं घड्याळातल्या दहा नि दोनच्या जागी, जिथे हात धरतात तिथे, झिजून गुळगुळीत झालं होतं. तिने किल्ली फिरवली आणि आधी तिच्या पाठीला कळलं, मग कानांना. गॅरेजच्या गल्लीतून ती बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि वीस मिनिटांनी परत आली तेव्हा गॅरेजवाल्याला काही विचारायचीच गरज उरली नव्हती.

"या वयात लोक गुडघ्यांना लावायला तेल आणतात," नणंद म्हणाली. "आमच्या वहिनीने तेल पिणारी गाडी आणली."

ती हसली. त्या काळात ती कशालाही हसायची. रविवारी सकाळी नवऱ्याला शेजारी बसवून ती टेकड्यांमधल्या रस्त्यावर जायची. वळणाआधी गाडी आवरायची, वळणाच्या पोटात शिरायचं, आणि बाहेर पडताना पाय हळूच खाली. मग मागून कुणीतरी तळहात लावून पुढे लोटावं तशी गाडी सुटायची. नवरा वरचं हँडल घट्ट धरून बसायचा. "घाबरलात?" तिने विचारलं, की म्हणायचा, "छे छे, मी फक्त हँडल सुटू नये म्हणून धरलंय."

गाडीचं दुखणंखुपणं चालूच असायचं. कधी पाण्याचा पाइप फुटायचा, कधी काच दाराच्या पोटात पडायची. ती स्वतः हात काळे करायला शिकली. स्कूलमधून घरी आली की साडी खोचून बॉनेटखाली वाकायची. सव्वीस वर्षं लोकांच्या चुका सांभाळून आंबलेलं तिचं मन त्या दीड वर्षात मोकळं झालं होतं.

दुसऱ्या वर्षी फाटकाच्या खांबाला गाडीची डावी बाजू घासली. मग महिन्याभरात पुन्हा. "फाटकच अरुंद आहे," ती म्हणाली. फाटक पहिल्यापासून तेवढंच होतं. नवऱ्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. ती आता रस्ता ओलांडताना मान फार वळवायची, कोंबडीसारखी, इकडून तिकडे. त्याने थट्टाही केली. तीही हसली.

आणि मग बाजारातला घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी आला तिच्या गाडीपुढे.

बाजारामागच्या शांत गल्लीत, सकाळी अकरा वाजता, लख्ख उजेडात. ती सावकाशच चालली होती. डावीकडच्या बोळातून तो सायकलवर बाहेर आला. तिला दिसलं ते एवढंच, की काहीही नव्हतं आणि मग बॉनेटवर एक माणूस होता. गाडी जागच्या जागी थांबली. घड्याळजी रस्त्यावर बसला होता आणि आपल्या उजव्या मनगटाकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत होता.

माणसं जमली. ती गाडीतून उतरत होती. तिच्याआधी तोच बोलला.

"बाईंची चूक नाही. मीच न बघता बाहेर आलो. बाई सगळ्यांना गाडी शिकवतात, त्यांची कशी चूक होईल?"

तिने त्याला दवाखान्यात नेलं. मनगटाच्या हाडाचे तीन तुकडे झाले होते, ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवावी लागली. शुद्धीवर आल्यावरही तो तेच म्हणाला, "माझीच चूक." ती म्हणाली, "असू दे हो. होतं असं कधीकधी." तो आपल्याला दिसलाच नाही, हे मात्र ती बोलली नाही. आणि तो बोळातून आल्या आल्या आपटलाही नव्हता. चांगला पंधरा पावलं तिच्या डावीकडे, जरा पुढे, सायकल चालवत होता. ते पानाच्या टपरीवाल्याने नंतर तिला सांगितलं, सहज बोलता बोलता. तिला तो दिसला नव्हता.

दीड महिना तिने हे कुणालाही सांगितलं नाही. मग एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

अंधाऱ्या खोलीत तिची हनुवटी एका यंत्रावर टेकवली. समोर पांढरा अर्धगोल, मधोमध एक ठिपका. "ठिपक्यावरची नजर हलवू नका. आजूबाजूला कुठेही उजेड चमकला, की बटण दाबा." तिने दाबलं, दाबलं, मग बराच वेळ काहीच चमकलं नाही. ती बोट रोखून वाट बघत बसली. शेवटी म्हणाली, "यंत्र बंद पडलंय वाटतं."

"चालू आहे," मदतनीस मुलगी हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. मधे पांढरं, आणि कडेने काळं आत आत शिरलेलं. "काचबिंदू आहे. हा कडेकडेने खात येतो. मधलं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून कळत नाही."

"पण मला काळं कुठेच दिसत नाही."

"काळं नसतंच दिसत. जे दिसत नाही, तिथे मन आपलं आपणच काहीतरी भरून टाकतं. रस्ता, भिंत, जे शेजारी असेल ते."

"परत येईल?"

"गेलेलं येत नाही. आहे ते राखायचा प्रयत्न करू. थेंब चुकवायचे नाहीत. आणि गाडी..." त्या थांबल्या. "तुम्ही गाडी शिकवता ना?"

"शिकवते," ती म्हणाली, आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, "शिकवत होते."

स्कूल आठ दिवसांत बंद झालं. लाल पाटी काढली. पांढरी गाडी दुसऱ्या शहरातल्या एका स्कूलला गेली. लोकांना वाटलं, बाईंनी आता आराम करायचं ठरवलं. निळी गाडी फाटकाच्या आत उभी राहिली. ती रोज जाऊन तिच्यात बसायची, इंजिन सुरू करायची, दहा मिनिटं तसंच ठेवायची आणि बंद करायची. नवरा खिडकीतून बघायचा.

चार महिन्यांनी ती म्हणाली, "एकदाच. रिकाम्या जागी. तुम्ही शेजारी बसा आणि डावीकडे काय आहे ते सांगत राहा."

तो हो म्हणाला. नाही म्हणायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं.

शहराबाहेर बंद पडलेला सिमेंटचा कारखाना होता. आतलं आवार मैदानाएवढं, सगळं काँक्रीटचं. गॅरेजवाल्याने गाडी तिथवर आणून दिली आणि तो फाटकाशी थांबला. ती उजव्या सीटवर बसली. आधी हळू फिरली. नवरा सांगत होता, "डावीकडे मोकळं. डावीकडे भिंत, लांब आहे. मोकळं." मग तिने वेग वाढवला. आवाराच्या टोकाला तिने गाडी वळवली, पाय खाली दिला, मागची चाकं सुटली, शेपूट फिरलं, आणि तिने उलटं स्टिअरिंग देऊन ते अलगद धरलं. तिच्या हातांना सगळं आठवत होतं. हातांना काही झालेलंच नव्हतं. ती ओरडली, आनंदाने की कशाने तिलाही कळलं नाही. पुन्हा वळवली. पुन्हा शेपूट फिरलं.

ठप्प असा आवाज झाला. पत्र्यावर काहीतरी आदळलं आणि घरंगळत गेलं.

पाण्याची बादली होती. बादली भरून आणणारा कारखान्याचा रखवालदार गाडीपासून हातभर अंतरावर उभा होता. ओला, पांढराफटक. भिंतीशेजारच्या नळावरून तो सरळ चालत आला होता. नवऱ्याला तो दिसला नव्हता. गाडीचं शेपूट फिरताना त्याने भीतीने डोळे मिटून घेतले होते.

"डोळे फुटलेत का?" रखवालदार ओरडला. "अहो, डोळे फुटलेत का तुमचे?"

"हो," ती म्हणाली.

ती खाली उतरली, चालत फाटकापर्यंत गेली आणि गॅरेजवाल्याच्या हातात किल्ली दिली. "ने. परत माझ्या दारात आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती घड्याळजीच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे काचेची एक पेटी आणि मागे एक माणूस. प्लास्टर काढून कितीतरी दिवस झाले होते, पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. हातातली घड्याळं उघडणं त्याने सोडलं होतं. भिंतीवरची तेवढी घ्यायचा, मोठ्या स्क्रूंची.

"या बाई! बसा. चहा सांगू?"

"चहा नको. त्या दिवशी तुमची चूक नव्हती," ती म्हणाली. बसलीसुद्धा नाही. "तुम्ही कधीचे माझ्या शेजारी होता. मला दिसला नाहीत. मला कडेचं दिसत नाही."

त्याने डोळ्यावरचं भिंग काढून पेटीवर ठेवलं. "त्या दिवशी माहीत होतं तुम्हाला?"

"आजार माहीत नव्हता. पण तुम्ही दिसला नाहीत, हे माहीत होतं."

"आणि आजार कधी कळला?"

"पाच महिने झाले."

मागे दहा-बारा घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवत चालली होती.

"माझ्या बायकोने मला किती ऐकवलं असेल," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून. मलाही वाटलं, खरंच की. वय झालं. मी सायकल देऊन टाकली, बाई. मुलगा दुकानात सोडतो, न्यायला येईपर्यंत मी इथे बसून राहतो. मला वाटलं, आपलाच आता भरवसा उरला नाही."

"माझं चुकलं."

"हो," तो म्हणाला. मग भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "तुम्ही जा आता. मी रागावलेलो नाही. पण जा."

पुढे गाडी कुणी अख्खी घेतलीच नाही. तेवढी जुनी, तेवढी पिणारी गाडी कोण घेणार? गॅरेजवाल्याने वर्षभर वाट बघितली आणि मग ती सुटी केली. इंजिन एका ठिकाणी गेलं, सीटा दुसऱ्या. मागची चाकं फिरवणारा गिअरचा डबा त्याने ठेवून दिला, कुणी विचारलं तर असू दे म्हणून. कुणी विचारलं नाही. हे सगळं तो तिला फोनवर सांगत गेला, कारण तिने तसं बजावलं होतं. ती प्रत्येक वेळी ऐकून घ्यायची आणि "बरं" म्हणायची.

थेंब दिवसातून चार वेळा. नवरा घड्याळ लावून घालतो. पुढच्या तपासणीला पुन्हा त्या यंत्रापुढे हनुवटी टेकवली, तेव्हा काळं आणखी थोडं आत आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडंच आहे. घरी येताना मोठ्या चौकात दोघं थांबली. नवऱ्याने तिचा दंड धरला होता.

"सोडा," ती म्हणाली. "मी जाते."

त्याने सोडलं. पायी जाणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला. तिने डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे. माणसं तिच्या बाजूने पुढे निघून गेली. दिवा लाल झाला. पुन्हा हिरवा झाला. ती कडेलाच उभी होती, एक पाय खाली ठेवायला उचललेला, आणि रस्ता समोर अगदी मोकळा दिसत होता.

तिसऱ्यांदा लाल झाल्यावर तिने न बघता हात बाजूला केला. नवऱ्याने तो धरला.