तीनदा वारलेले योहान

घराण्याचा इतका अभिमान आणि घराण्याबद्दल इतका गोंधळ एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदताना मी जगात दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. ऑस्ट्रेलियात टूवूंबाच्या बाहेर, शेताला लागून असलेल्या एका छोट्या घरात आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. त्या घराचे मालक म्हणजे जर्मनीहून बोटीने आलेल्या एका शेतकऱ्याचे पणतू. वय अठ्ठ्याहत्तर, आमच्या दारातून वाकल्याशिवाय आत येता न येणारी उंची, आणि जुनी हॅट जेवतानाच काय ती उतरायची. माझ्या बायकोने पहिल्याच आठवड्यात त्यांना 'आजोबा' करून टाकलं. ती अकोल्याची. आजोबांच्या शेतातली काळीभोर, भेगाळलेली जमीन बघून ती म्हणाली, "ही तर आमच्याकडचीच माती!" आजोबांनी खूश होऊन तिला तीन भोपळे दिले. मला, म्हणजे माती न ओळखणाऱ्या पुणेकराला, एकही नाही.

आजोबांनी आपली वंशावळ कागदावर कधी लिहिली नाही. कागद हरवतात, म्हणून त्यांनी ती ट्रॅक्टरच्या शेडच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने रंगवली होती. पत्रा पन्हळीचा, त्यामुळे बापाकडून लेकाकडे जाणारी प्रत्येक रेघ लाटा खात जायची आणि बऱ्याचदा भलत्याच्याच लेकाकडे पोचायची. त्यातून शेडमध्ये सामान वाढलेलं. एकदा मी विचारलं, "आजोबा, तुमच्या आजोबांच्या बहिणी कुठे आहेत?" ते म्हणाले, "थांब, ट्रॅक्टर बाहेर काढतो." ट्रॅक्टर काढला तर मागे खताच्या गोण्या होत्या. गोण्या हलवल्या तेव्हा बहिणी सापडल्या, पण त्यांचे नवरे पत्रा बदलला त्यात गेले होते.

बरं, नावांवरून माग काढावा तर तीही सोय नव्हती. घरातल्या थोरल्या मुलाचं नाव योहानच ठेवायचं, हा त्यांचा कुळाचार. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात, पण मध्ये निदान बाप तरी वेगळ्या नावाचा असतो; इथे ती उसंतही नाही. मग ओळखीसाठी म्हातारा योहान, लंगडा योहान, घोड्याने लाथ मारलेला योहान आणि नुसता योहान. नुसता योहान म्हणजे स्वतः आजोबा. त्यांच्या तिन्ही कुत्र्यांचं नावही 'ब्लू' असंच होतं. एकाला हाक मारली की तिघं यायचे. "वेगवेगळी नावं ठेवली असती तर?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मेट, मग कोण कोणता हे मला लक्षात ठेवावं लागलं असतं."

या सगळ्यांचे मूळ पुरुष म्हणजे म्हातारे योहान, बोटीने आलेले पणजोबा. शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, आजोबा आमच्या व्हरांड्यात येऊन बसत, जर्मन सॉसेजवर बायकोची लसणाची चटणी थापून खात, आणि पणजोबांची गोष्ट सांगत. एका शनिवारी पणजोबा इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तापाने गेले. पुढच्या शनिवारी त्यांच्या अंगावर झाड पडलं. त्याच्या पुढच्या शनिवारी ते ऐंशीच्या घरात, बीटचं सूप पीत पीत, अंथरुणात शांतपणे वारले. मी न राहवून म्हटलं, "पण ते तापाने गेले होते ना?"

"हो, तेही."

"माणूस एकदाच मरतो, आजोबा."

"तुमच्या मॉबमध्ये, तुमच्या लोकांत, तर पुनर्जन्म असतो म्हणतात," ते शांतपणे म्हणाले आणि चटणीची बाटली जवळ ओढली.

या गोंधळात त्यांना काहीच खटकत नव्हतं, ते थेट त्यांच्या घराण्याचं संमेलन ठरेपर्यंत. दूरदूरचे नातेवाईक येणार होते आणि शेताच्या फाटकाशी मूळ पुरुषाच्या नावाचा दगड बसवायचा होता. दगडावरच्या मजकुराचं काम थोरला म्हणून आजोबांकडे आलं. कोरणाऱ्याने मृत्यूचं साल विचारलं आणि आजोबा पहिल्यांदा अडले. दुसऱ्या दिवशी ते घरचं भलंमोठं बायबल काखेत मारून माझ्याकडे आले. "तू कॉम्प्युटरवाला आहेस. यात एक पत्र आहे. माझ्या बापाला वाचता आलं नाही, मलाही येत नाही. मशीनला येतं का बघ."

पत्र जर्मन होतंच, शिवाय अक्षर असं की मुंगी शाईत पडून कागदावरून घाईने निघून गेलेली. मशीनने हात टेकले. मग मला पुण्याची मावशी आठवली. तिने जन्मभर कॉलेजात जर्मन शिकवलं. मी फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "अरे, ही जुन्या वळणाची लिपी. जर्मनांची मोडीच म्हण. मला येते. दोन दिवस दे."

दोन दिवसांनी तिचा फोन आला. दुपारची वेळ होती, आजोबा समोरच बसले होते. मी फोन स्पीकरवर टाकला आणि मावशीने इंग्रजीत सावकाश वाचायला सुरुवात केली. पत्र योहानचं नव्हतंच. त्याच्या धाकट्या भावाचं, कार्लचं होतं. गावाकडच्या बहिणीला लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं. योहान तापाने गेला, असं त्यात होतं. जमिनीचा कागद त्याच्या नावावर, आणि मागे बायको आणि तान्हं बाळ. कागदावरचा माणूसच नाही म्हटल्यावर जमीन राहील की जाईल, कोण जाणे. इथल्या लोकांना आम्ही दोघे भाऊ सारखेच दिसतो, म्हणून आजपासून मीच योहान. त्याला ओढ्याकडच्या कोपऱ्यात पुरलं आहे. क्रूस लावला नाही, कारण क्रूसावर नाव घालावं लागेल. 'आईला सांग,' शेवटी लिहिलं होतं, 'की कार्ल गेला.'

मावशीचा आवाज थांबला. आजोबांनी हॅट काढली. समोर ताट नव्हतं. ते म्हणाले, "म्हणजे बीटचं सूप प्यायला तो कार्ल." मग, "माझे आजोबा ते बाळ होते, की नंतर झालेले?" ते पत्रात नव्हतं. शेडच्या पत्र्यावर तर नव्हतंच. पुढे दगडावर त्यांनी दोन्ही भावांची नावं शेजारी शेजारी कोरून घेतली. संमेलनात एक पुतणी "अंकल, ही तर फसवणूक झाली," म्हणून रागावली, दुसरी रडली. झाड नक्की कोणावर पडलं, हे आजवर कोणालाच कळलेलं नाही.

आता आम्ही तिथून दूर, शहराकडे, क्रेगीबर्नला राहतो. इथे घरमालक म्हणजे ईमेलमधली एक सही आहे. आजोबांची आठवण निघाली की मला ते संमेलन नाही, ती दुपारच आठवते. फोन ठेवल्यावर ते उठले आणि ज्वारीच्या रानातून ओढ्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. टोकाला खाटेएवढा एक तुकडा होता, कधी न नांगरलेला, गवत माजलेला. "बाप म्हणायचा, इथून ट्रॅक्टर वळवून घे," ते म्हणाले. "त्याला त्याच्या बापाने सांगितलं होतं. मला वाटायचं, खाली खडक असेल."

मग ते ताठ उभे राहिले आणि जर्मनमध्ये चार ओळी म्हणाले. लहान मुलाने पाठ केलेलं म्हणावं तशा, एका दमात. आजीने शिकवलेली जेवणाआधीची प्रार्थना होती ती. तेवढंच जर्मन त्यांना येत होतं. आपल्याकडे कोणी पानावर बसल्यावर म्हणायचा श्लोक स्मशानात म्हणावा, तसं. म्हणून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. पाण्याने भरलेल्या निळ्या डोळ्यांत खरीखुरी शंका होती.

"बरोबर म्हटलं का रे?"

मला जर्मनचा एक शब्द कळत नाही.

"हो, आजोबा," मी म्हटलं. "अगदी बरोबर."