बस्त्याला आलेली माणसं

इस्लामपूरच्या त्या कापड दुकानाचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मला नोकरीत सात वर्षं झाली होती, आणि तोवर एकाही नकाशावर माझं नाव नव्हतं. नकाशे मी काढायचे, मापं मी शिडीवर चढून घ्यायचे, उष्णतेचं गणित मी मांडायचे. कागदाच्या खालच्या उजव्या चौकटीत ‘डिझाइन’ या शब्दापुढं मात्र आमच्या साहेबांचं नाव असायचं. साहेबांची साताऱ्यात एसीची कामं करणारी कंपनी आहे. मोठ्या इमारतीला कुठली यंत्रणा चालेल, किती टनाची लागेल, हे आम्ही ठरवून देतो आणि बसवूनही देतो. या वेळी साहेब म्हणाले, "हे तुम्ही एकटीनं करा. नीट झालं तर तुमच्या नावानं जाईल."

मी आटपाडीकडची. घरी मेंढरं होती, नंतर डाळिंब आलं. माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही. हे मी कीव यावी म्हणून सांगत नाही. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मोजून चार मुली होतो आणि मी वर्गात पहिल्या पाचात पास झाले. तेव्हा आपलं नाव त्या चौकटीत यावं असं मला वाटत होतं, आणि त्यात मला आजही काही वावगं दिसत नाही.

दुकानाच्या मालकांना सगळे आण्णा म्हणत. जुनं दुकान बाजारपेठेत, अरुंद आणि खोल. आता त्यांनी स्टँडजवळ तीन मजली नवी इमारत उठवली होती. खाली रोजचं कापड, पहिल्या मजल्यावर साड्या आणि लग्नाचे बस्ते, त्याच्यावर पुरुषांचे तयार कपडे. बांधकामावर देखरेख आण्णांच्या थोरल्या भावाची. ते फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळं घरचे दारचे सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. सिमेंटच्या पोत्यांत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आमच्या बैठका व्हायच्या आणि प्रत्येक बैठक जिथं सुरू झाली तिथंच संपायची.

"पुण्याच्या मॉलमदी पाय टाकला की कसं अंगावर गार येतं, तसं पायजे," आण्णा म्हणायचे. "मशीन दिसायचं न्हाई. नुसता गारवा."

"आन् बंद पडल्यावर?" सुभेदार विचारायचे. "एकच मशीन, त्ये बसलं की समदं दुकान बसलं. भितीवर धा-बारा ठोका. एक मेला तर दुसरा हाय. फौजेत आमी असंच करत हुतो."

"फौजेत तुमाला एसी हुता व्हय?"

"सायबाला हुता. आमी भाईर उभं हुतो, म्हून तर म्हाईत हाय."

मी दोघांना समजावायचे. भिंतीवरचे एसी खोलीला ठीक, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये भिंतीपाशी गार आणि मधे उकाडा. आण्णांचे जावई पुण्याचे. ते फोनवरून तिसरीच पद्धत सुचवायचे, बाहेरच्या एका मशीनवर आतली वीस मशीनं चालवायची. पद्धत चांगली. पण तिचा एखादा भाग गेला तर दुरुस्तीला माणूस पुण्याहून येणार, आणि तो येईपर्यंत दुकानातल्या बायका पदरानं वारा घेत बसणार. हे पटलं की सुभेदार काचेच्या दाराचा विषय काढायचे. दार बंद असलं की खेड्यावरच्या बायका चपला काढून बाहेरच थबकतात, आत जायचं की नाही कळत नाही. म्हणून दार उघडंच पाहिजे. मग मी दाराच्या वर वाऱ्याचा पडदा सोडणारं यंत्र सुचवलं. असे तीन महिने गेले. साताऱ्याहून निघायचं, पेठ नाक्याला उतरायचं, तिथून इस्लामपूर, आणि परतताना पुन्हा तेच. बसमध्ये डोळा लागायचा आणि स्वप्नातही सुभेदार विचारायचे, बंद पडल्यावर काय?

शेवटी मी मधला रस्ता काढला. प्रत्येक मजल्याला एकेक मशीन, गच्चीवर ठेवलेलं. गार हवा छताच्या आतून पत्र्याच्या डक्टमधून येणार, खाली फक्त जाळ्या दिसणार. एका मजल्याचं बंद पडलं तरी बाकीचे चालू. आण्णांना मशीन दिसणार नव्हतं आणि सुभेदारांच्या म्हणण्याप्रमाणं सगळं दुकान एका मशीनवर टांगलेलं नव्हतं.

"तुमी शिकलेल्या," आण्णा म्हणाले. "आता माजं डोकं चालंना. तुमी म्हनाल ते."

ते वाक्य मी बसमध्ये मनाशी बराच वेळ घोळवत बसले होते, खोटं कशाला बोलू.

किती टनाचं मशीन, हे काढताना एक रकाना भरावा लागतो, त्या जागेत एका वेळी जास्तीत जास्त माणसं किती. माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सोडतो, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दुकानासाठी एवढ्या चौरस फुटाला एक माणूस, असं पुस्तकात कोष्टक असतं. मी जुन्या दुकानात पाहणीला गेले होते तेव्हा तीस वर्षं साड्या उलगडणारे मामा शेजारीच उभे होते. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने सेल्समन. त्यांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. कोष्टक बघितलं आणि पहिल्या मजल्यापुढं तीस लिहिलं.

नकाशा तयार झाला. चौकटीत माझं नाव टाईप केलं, ते मीच केलं आणि दोनदा तपासलं. साइटवर फॉल्स सीलिंगचा सांगाडा चढायला लागला. डक्टचा पत्रा कापायला गेला. मशीनच्या पक्क्या ऑर्डरवर आण्णांची सही तेवढी राहिली होती. एप्रिलमधल्या एका दिवशी ती घ्यायला मी जुन्या दुकानात गेले.

दारापुढं दोन टेम्पो आणि एक जीप उभी. पायरीवर चपलांचा ढीग. आत गादीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एकीकडं नवरीकडची, एकीकडं नवऱ्याकडची, मधे साड्यांचा डोंगर, आणि त्याच्यामागं मामा घाम पुसत उभे.

"आवं मामा, मानाच्या साड्या अशा असत्यात व्हय? पोतं बरं," एक म्हातारी म्हणत होती.

"आजी, मगाशी ही तुमीच बाजूला काडली."

"तवा चांगली दिसत हुती. आता न्हाई दिसत."

"मग जरा वेळानं परत दाखवतो."

लोक हसले. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं सरकवली. एका बाळाला त्याची आई पुठ्ठ्यानं वारा घालत होती. आण्णा वरच्या माळ्यावर जेवणाच्या पंगतीचं बघायला गेलेत असं कळलं, म्हणून मी गादीच्या कडेला बसले. बसल्या बसल्या मोजायला लागले. सवयच आहे. सत्तरला पोचले आणि थांबले.

"मामा, एवढी माणसं रोज असतात?"

"रोज कशाला? लग्नाच्या हंगामात. आज तीनच बस्ते हायत, ह्यो पयला. एकेकदा चार-चार येत्यात. म्हून तर आण्णानं नवा मजला येवडा मोठा बांदला."

"आणि किती वेळ असतात?"

"सकाळी येत्यात, दिवं लागल्यावर जात्यात. तुमचा बस्ता झालाच असंल की."

झाला होता. विट्याला. आमचेही दोन टेम्पो होते. आत्या, मावश्या, सासरची माणसं, गावातले चार जाणते. सकाळी नऊला शिरलो ते संध्याकाळी बाहेर पडलो. दोन आत्यांचं साडीच्या काठावरून वाजलं आणि एक आत्या जेवणाच्या वेळेपर्यंत बोलली नाही. मी भिंतीला टेकून बसले होते. शालू अंगावर टाकून बघायचे तेव्हा दर वेळी वाटायचं, कुणीतरी पंखा इकडं वळवा. हे सगळं माझ्या अंगाला माहीत होतं. तरी मी तीस लिहिलं.

नव्या मजल्यावर एका वेळी दोन बस्ते धरले तरी दीडशे माणसं, त्यात पंगतीचा गरम रस्सा, उघडं दार आणि एप्रिल. मशीन आठ-नऊ टनांनी कमी पडणार होतं. कागद माझ्या पिशवीत होता आणि त्यावर एक सही हवी होती.

मी जिन्यात जाऊन साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यांनी तुम्हाला आकडा दिला होता का?"

"मी विचारला नव्हता."

"म्हणजे त्यांनी दिला नव्हता. मग आपण मेल करू, क्लायंटनं माहिती दिली नाही म्हणून. तुम्ही सही घेऊन या. पुढचं पुढं बघू."

"सर, छताचा सांगाडा उतरवावा लागेल. डक्ट रुंद लागतील."

"म्हणून तर म्हणतोय, सही घेऊन या."

फोन ठेवल्यावर मी जिन्यातच थांबले. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि वरून रश्श्याचा वास येत होता. मला काही फार मोठी झुंज वगैरे द्यावी लागली नाही, तेवढी ताकदच नव्हती. एवढंच कळत होतं की पुढच्या हंगामात ती पुठ्ठ्यानं वारा घालणारी बाई नव्या मजल्यावर येईल, तिथंही पुठ्ठ्यानंच वारा घालील, आणि त्या मजल्याच्या नकाशावर माझं नाव असेल.

आण्णा खाली आले. सुभेदार बरोबर होते. गोदामात खोक्यांच्या मधे आम्ही तिघं उभे राहिलो.

"आण्णा, पहिल्या मजल्याचं मशीन पुरणार नाही. माझी चूक झाली. मी तीस माणसं धरली होती."

"तीस?" आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तीस तर नुसत्या करवल्या असत्यात."

"आज कळलं."

"तुमच्या बस्त्याला किती मानसं हुती?"

"पासष्ट."

"आन् आमच्याला तीस."

"शिकून इसारली," सुभेदार म्हणाले.

ते लागलं. दुसरं काही म्हणाले असते तर मी गप्प बसले असते.

"विसरले नव्हते," मी म्हणाले. "मामांना विचारायला पाहिजे होतं. इंजिनिअर होऊन बस्त्याला किती माणसं येतात हे कसं विचारायचं, असं वाटलं. टेम्पोतनं आलेली आहे हे दिसू नये, असं वाटलं."

बाहेर ती आजी परत ‘पोतं बरं’वर आली होती. मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि खोक्यावर ठेवून दाखवलं: पहिल्या मजल्याला एकाऐवजी दोन मशीनं. रोजच्या दिवशी एक चालेल, बस्ता असला की दोन्ही. डक्ट रुंद करावे लागतील, त्यासाठी सांगाडा उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. काम पंधरा दिवस मागं जाईल.

आण्णांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला.

"पटतंय," ते म्हणाले. "पर पयलंबी पटलंच हुतं. आता ह्या आकड्यावर तरी इस्वास कसा ठिवायचा, तुमीच सांगा."

प्रश्न बरोबर होता.

"तुमच्या थोरल्या सायबास्नी धाडा. त्यास्नी बघू दे. कागदावर त्यांची सही पायजे."

साहेब पुढच्या आठवड्यात आले. तासभर बसले, चहा घेतला, माझा दोन मशीनचा कागद वाचला आणि त्यात काही बदल केला नाही. निघताना आण्णांना म्हणाले, "ज्युनिअर लोकांकडून होतं कधीकधी." सात वर्षांची ज्युनिअर मी शेजारी उभी होते. आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

साताऱ्याला आल्यावर नकाशा मीच दुरुस्त केला. डक्टची रुंदी बदलली, दुसरं मशीन गच्चीवर दाखवलं. मग चौकटीत गेले, माझं नाव खोडलं आणि साहेबांचं टाईप केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. साहेब म्हणाले, "साइट तुम्हीच बघा, आता तुम्हाला सगळं माहीतच आहे." माझ्या नावानं जाणारं दुसरं काम कधी मिळेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सांगाडा उतरवायला चार दिवस लागले. गडी वर चढून एकेक पट्टी सोडवत होते, खाली धुरळा पडत होता, आणि मी कोणती पट्टी ठेवायची, कोणती काढायची ते ओरडून सांगत होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत घसा बसला. सुभेदार आले, छताकडं बघत थोडा वेळ उभे राहिले. आपण हौसेनं बांधून घेतलेलं उतरताना बघायला त्यांनाही जड जात असणार. मला वाटलं आता काही तरी ऐकवतील, आणि ऐकायचंही त्राण नव्हतं.

ते कोपऱ्यात गेले, सिमेंट लागलेली एक खुर्ची ओढत आणली आणि माझ्यामागं ठेवली.

"बसा," ते म्हणाले. "तुमी उभं ऱ्हायल्यानं छत काय लवकर उतरंना."

मी बसले. वरून गड्यानं विचारलं, ही पट्टी ठेवू का. मी बसूनच हात हलवला, काढ म्हणून.